अपुरा श्वास

शेजारच्या काकांना आयसीयूत ठेवलं होतं. डॉक्टर बाहेर आले, "श्वास इनॅडिक्वेट आहे," म्हणाले आणि निघून गेले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय रे?"

"अपुरा."

"अपुरा म्हणजे आहे तरी ना!" त्यांचा चेहरा जरा सैलावला.

घरात साखर अपुरी पडली की वाटीभर मागून आणतात, ब्लाउजला कापड अपुरं पडलं की जोड देतात. अपुऱ्यात भर घालता येते, असंच आपण धरून चालतो. इथे तर मशीनही लावून झालं होतं. पण ते मला सांगवेना.

बाकावर बसून काकू बंद दाराकडे बघत होत्या आणि छाती भरभरून श्वास घेत होत्या, जणू दोघांच्या वाटचा.