माझा उपदेश, त्यांचा आवाज

जतच्या आमच्या चर्चच्या मंडळीतले पाच-सहा जण शनिवारी दुपारी माझ्या घरी ईश्वरविज्ञान, म्हणजे बायबलचं शास्त्र, शिकायला जमायचो. एक शिंपी, दोघी नर्स, रिटायर फौजी आणि त्याची बायको, आणि मी शाळेतली बाई. सांगलीहून एक शिक्षक अधूनमधून यायचे, एरवी धडा वाचून आमचे आम्हीच भांडायचो. इतकी वर्षं मी चर्चमध्ये नुसती ऐकत बसले होते, तिथं कुठं प्रश्न विचारायला शिकले.

मग एकदा चर्चचे पाळक आजारी पडले. त्यांनीच फोन केला, "रविवारचा उपदेश तुम्ही करा." बायबलमधल्या, विहिरीवर येशूला भेटलेल्या शमरोनी बाईचा विषय मी घेतला. ती घागर तिथंच टाकून त्याची बातमी द्यायला गावात पळाली. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली बाईच जाणे, भरायला आणलेली घागर सोडून जाणं काय असतं, असं मी लिहिलं. शेवटी लिहिलं, गावाला बातमी तिनं दिली, आणि येशूनं तिला गप्प बसवलं नाही.

रविवारी दारातच मंडळीचे सेक्रेटरी आडवे आले. आमच्या वर्गाकडे कधी फिरकलेले नाहीत.

"बाई, तुमी लय शिकलाय, न्हाई कोन म्हनतंय? पर पुलपिटावर उभं ऱ्हाऊन उपदेश करताना बाईमानूस बरं दिसत न्हाई. कागद द्या, मी वाचतो."

पाळकांनी सांगितलंय म्हटलं, तर "त्यांच्याशी मी बोलतो" म्हणाले. मागं माणसं खोळंबली होती. रागारागानं दिले कागद.

त्यांनी अडखळत वाचलं. शेवटचा भाग गाळला, कागद घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, "हा संदेश देवानं मला दिला."

पुढच्या बाकावरनं आमेन आलं!

तशी मी जागेवरच उठले. "सेक्रेटरीसाहेब, शेवट राहिला." पाठ होता, तो मी सगळा म्हणून दाखवला. फौजींची बायको शेजारी उभी राहिली. पेटीवाल्यानं घाईनं गीत धरलं.

बाहेर सेक्रेटरी कडाडले, "देवाच्या घरात तमाशा केलासा!"

"खोटं तुमी बोलला, आन् तमाशा बाईंचा व्हय?" फौजींच्या बायकोनंच विचारलं.

पुलपीट मला पुन्हा मिळालं नाही. वर्ग चालू आहे, नव्या बायकाही येतात. पाळक अजून सांगतात, "राग सोडा, क्षमा करा." क्षमेचा धडा आम्ही दोनदा वाचलाय. चोरी झाकून ठेवा, असं त्यात कुठंही नाही.