शेजारून येणारा वास

ऑक्टोबरात मयूर विहारच्या आमच्या गल्लीत सप्तपर्णी फुलली की त्या उग्र वासाआडून मला अजून तळलेल्या चान्यांचा वास येतो. त्या वर्षी ऑफिसातले साहेब आणि दोन सहकारी संध्याकाळी घरी यायचे होते. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी लाकडी फळीवर थाट मांडला होता: चीज, अंजिरं, अक्रोड, द्राक्षं आणि मिठात मुरवून वाळवलेल्या परदेशी मांसाच्या पातळ चकत्या, गुलाबासारख्या दुमडलेल्या. गावाहून आलेल्या आईने एक चकती चाखली आणि हरखली. "अगं, या तर आपल्या चान्याच की!" म्हणत तिने सोबत आणलेल्या, घराच्या पत्र्यावर वाळवलेल्या मांसाच्या चार पट्ट्या तळल्या आणि फळीच्या रिकाम्या कोपऱ्यात मांडल्या. बेल वाजली तशी मी त्या उचलून डब्यात कोंबल्या. चान्या दिसल्या की आपली जात कळेल, एवढंच डोक्यात होतं. साहेब आत येताच म्हणाले, "वाह, क्या खुशबू है! क्या बना है?" मी म्हणाले, "कुछ नहीं सर, पड़ोस से आ रही होगी।" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेवढं हिंदी तिला कळतं. ती मागे वळली आणि शेजारच्या बाजूची खिडकी तिने हळूच लावून घेतली. त्यानंतर तिने चान्या कधी आणल्या नाहीत. आता मीच फोनवर हट्टाने मागते, तर ती अगदी साधेपणाने म्हणते, "नको बाई, तुझ्या शेजाऱ्यांना वास जातो."