हजेरीतलं पहिलं नाव

फौजेतून सुटून बरीच वर्षं झाली, तरी नव्या जागी गेलो की मी आधी बाहेर पडायच्या वाटा बघतो. गेल्या ऑक्टोबरात माझं पोस्टिंग जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला लागलं. कंपनी कमांडर माझी मुलगी मीनल, तिथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. सेकंड-इन-कमांड जावई अमेय. मुक्काम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना एकच. पहाटे पाचला उठायचं, दाढी, व्यायाम, मग वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत कचरा वाटून टाकायचा. ही शिस्त मला आवडली.

जेवायला बसलं की मी हजेरी घेतो. आमच्या घरची ही जुनी पद्धत.

"मीनल?"

"हजर."

"अमेय?"

"येस सर."

पहिलं नाव घेण्याआधी मी क्षणभर थांबतो. का थांबतो, हे मीनलने लहानपणी पुष्कळदा विचारलं. मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मला संशय यायला लागला. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की दोघं जर्मनवर जायची. 'बेफुंड' हा शब्द सारखा कानावर यायचा. अमेयला विचारलं.

"काही नाही बाबा. आल्झो... म्हणजे, ऑफिसचा एक प्रोजेक्ट आहे."

प्रोजेक्टच्या गप्पांत तव्यावरची पोळी करपत नाही. मी फोनवर शब्द शोधला. तपासणीत काय निघालं, त्याचा डॉक्टरी अहवाल म्हणजे बेफुंड. इथे येण्याआधी विम्यासाठी माझं रक्त तपासलं होतं आणि रिपोर्ट मीनलच्या ईमेलवर गेला होता. मग एका रविवारी तिने माझ्या ताटात शिरा वाढला. मला डायबेटिस आहे आणि हीच पोरगी माझ्या चहात चिमूटभर साखर पडू देत नाही. जाणाऱ्या माणसाला कोण पथ्य सांगतं? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला त्याचा रोग सोडून सगळं सांगतात. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

"बाबा, दुपारी एके ठिकाणी जाऊ या. लोक जमतात, कॉफी पितात, बोलतात."

"कशावर?"

"मरणावर."

माझी खात्रीच पटली.

चर्चच्या मागचा हॉल. दारं दोन. मी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलो. आठ-दहा माणसं, थर्मासमध्ये कॉफी, आलुबुखाराचा केक. केक खात मरणावर बोलणारी माणसं नक्की काहीतरी विकत असणार. विमा, नाहीतर कबरीची जागा, नाहीतर देव. हेल्गा नावाच्या एक निवृत्त नर्सबाई सगळं चालवत होत्या. त्यांच्या पिशवीतून पत्रकं निघतात का, यावर मी नजर ठेवली. निघाला तो चष्मा.

एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर बोलला. मीनल माझ्या कानात मराठीत सांगत होती. बायको जाणार हे दोघांना ठाऊक होतं, तरी तो शेवटपर्यंत तिच्याशी हवापाण्याचं बोलत राहिला. कुणी त्याची समजूत घातली नाही. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच हेल्गाबाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे केक सरकवला.

मग मीनलची पाळी आली. इथली माणसं तिला नावाने ओळखत होती, हेही मी टिपलं. ती दोन वाक्यं जर्मनमध्ये बोलली आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, माझ्या छातीत गाठ निघालीय. कॅन्सरची आहे. गुरुवारी ऑपरेशन आहे. घरी तुमच्यासमोर तोंडच उघडत नव्हतं. ही माणसं स्वतःचं सगळं सांगतात ना, ते ऐकून धीर आला."

मी सगळी टेहळणी चुकीच्या दिशेला केली होती. 'काही होत नाही तुला,' हे वाक्य ओठांवर आलं. ते मी गिळलं, कारण ते मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

उत्तरेकडची बर्फातली एक पोस्ट. मी तेव्हा नाईक. आमचे सेक्शन कमांडर हवालदार केशव जगदाळे. एका दुपारी शेलिंग झालं आणि त्यांच्या पोटात स्प्लिंटर घुसला. पट्ट्या बांधल्या, रक्त थांबेना. धुकं उतरलं होतं. मी रेडिओ सेट उचलला.

"टायगर फॉर चार्ली. एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"मौसम बंद है. सुबह से पहले नहीं. ओव्हर."

पोरं जगदाळेंना सांगत होती, "काही होत नाही हवालदार, आत्ता हेलिकॉप्टर येतंय." जगदाळेंनी माझ्याकडे बघितलं.

"नाईक, रिपोर्ट दे. खरा."

"हेलिकॉप्टर येत नाही. सकाळपर्यंत आपणच."

"बरं झालं सांगितलंस. ही पोरं 'काही होत नाही' म्हणतात आणि मी एकटा पडतो. मला भीती वाटतेय. तुम्हाला?"

मी आधी हो म्हणालो. मग एकेकाने कबूल केलं. एक जण म्हणाला, गोळा आला की तो आईला हाक मारतो. "सगळेच भित्रे निघालो की," म्हणून जगदाळे पोट धरून हसले. बायकोने दुसरं लग्न करावं, आणि हे तिला तिच्या सासूदेखत सांगा, असा निरोप दिला. तो मी पुढे पोचवला. अंधार पडायच्या आत ते गेले. त्या संध्याकाळी पोस्टवरची हजेरी त्यांच्याच नावाने सुरू झाली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हटलं. पोस्ट सोडेपर्यंत रोज म्हटलं. त्यानंतर ज्याला भीती वाटे तो तसं बोलायचा आणि आपलं काम करायचा.

"मीनल," मी म्हणालो, "मला भीती वाटतेय."

"मलाही, बाबा."

तिने माझा हात धरला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. हेल्गाबाईंनी माझ्याकडेही केक सरकवला. मीनलने तो डोळे पुसत परत सरकवला. "त्यांना शुगर आहे," असं काहीतरी जर्मनमध्ये म्हणाली.

"मग सकाळी शिरा का वाढलास?"

"तुम्हाला एवढं कडू सांगायचं होतं. आधी काहीतरी गोड द्यावंसं वाटलं."

परतताना चालत आलो. वाटेत जगदाळेंची सगळी गोष्ट मी तिला सांगितली.

बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जेवायला बसल्यावर मी हजेरी घेतली. या वेळी थांबलो नाही.

"हवालदार केशव जगदाळे."

अमेय माझ्याकडे बघत राहिला. मीनल पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, "हजर."