एकादशी करणारा गुलाब

काशीत एकादशी करणारी माणसं घाटाघाटावर सापडतील, पण एकादशी करणारं गुलाबाचं झाड सबंध शहरात एकच होतं, आणि ते दुर्गाघाटावर माझ्या मामांच्या गच्चीत होतं. मामा वेदपाठशाळेत शिकवत, याज्ञिकी करत, आणि उरलेला सगळा जीव त्या झाडात ठेवून होते. स्वातंत्र्यानंतर साहेब लोक छावणीतले बंगले सोडून गेले, तेव्हा अशाच एका बंगल्यात आलेल्या अधिकाऱ्याकडे मामा वास्तुशांतीला गेले होते. यजमान ते झाड उपटून तिथे भेंडी लावणार होते. मामांनी दक्षिणा नाकारली आणि झाड मागून घेतलं. गल्लीच्या तोंडापर्यंत एक्क्यातून आणि पुढे मामांच्या डोक्यावरून ते घरी आलं. दारात मामीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "यांचा चेहराच नवरी आणल्यासारखा होता, मी तरी काय करणार?" असं ती सांगायची.

फांदीला पत्र्याची चकती होती, तिच्यावर नाव होतं 'ला फ्रान्स'. तेवढ्यावरून मामांनी बागकामाची जुनी पुस्तकं धुंडाळून त्याची कुळकथा जमवली, आणि गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला ती संकल्प सोडल्याच्या सुरात ऐकवू लागले. जन्म फ्रान्स देशी. आई युरोपातली, बाप बहुधा चिनी चहा-गुलाबांच्या घराण्यातला, पण खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं," मामा निकाल देत. "बाजारात लांब कळीचे गुलाब पाहता ना, त्या जातीतला हा पहिला." कुणी कुंडी म्हटलं तर ते लगेच दुरुस्त करत, "गमला म्हण. कुंड्या तुमच्या पुण्याला." फूल आतून रुपेरी गुलाबी, पाठीला जरा गडद, आणि इतकं भरगच्च की देठाला ते पेलत नसे. त्या लवलेल्या मानेवर मामा विशेष खूश असत. खानदानी माणूस मान ताठ करून बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मामा मात्र मान ताठ केल्याशिवाय बोललेले मला आठवत नाहीत.

त्या झाडाला बी मात्र धरत नसे. "याच्या मागे कोणी नाही," मामा म्हणत, आणि मामी हातातलं काम टाकून आत जायची. त्यांनाही मूलबाळ नव्हतं.

एकादशीला झाडाला पाणी नाही, हा मामांचा नियम होता. "काशीवास करतोय ना? मग उपास बिलकुल सुटणार नाही." ज्येष्ठात लूचे गरम वारे वाहत असताना, निर्जला एकादशीलाही झाड टवटवीत राही. पाहुण्यांना वर नेऊन मामा दाखवत, "पाहा, व्रताचं तेज." पाहुणे झाडाला नमस्कार करून जात.

त्या तेजाचं गुपित मला माहीत होतं. मी रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते आणि एकादशीला फराळाला मामीकडे जायची. एकदा सकाळी लवकर पोचले, तर मामा स्नानाला गेलेले आणि मामी गच्चीत, तांब्याभर पाणी झाडाला घालत होती. "यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "यांचा मान राहू दे, झाडाचा जीवही राहू दे. पाप लागलं तर माझ्या नावावर." ती स्वतः मात्र थेंब न घेता निर्जला करायची.

मामी गेली त्या वर्षीची निर्जला आली. आता तो तांब्या मी घालायला हवा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. द्वादशीला गेले तर पानं पापडासारखी झालेली, कळ्या गळलेल्या, आणि मामा गमल्याशी जमिनीवर बसलेले. "इतकी वर्षं केली यानं. यंदाच कसं गं?" त्यांचा आवाज फार लहान झाला होता. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी एक वाळकं पान उचलून तळव्यावर ठेवलं. मग म्हणाले, "किती घालायची?"

"एक तांब्या. तुम्ही घाटावर उतरलात की."

"दर एकादशीला?"

"दर एकादशीला."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि उठून पाणी आणलं. झाड पावसाळाभर रुसून बसलं, पण कार्तिकात त्याला एक फूल आलं. त्या एकादशीला मी सकाळीच गेले होते. मामी असताना सांगत तसं मामांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "मी स्नानाला निघालो गं." जिन्यात खडावा वाजल्या, थांबल्या. मग मामा खडावा हातात घेऊन, अनवाणी, हळूच वर आले, मामीचा तांब्या भरून गच्चीवर गेले, आणि तसेच चोरपावलांनी उतरून घाटावर गेले. मी फराळाचे शेंगदाणे निवडत होते. मान वर केली नाही.

पाहुण्यांना ते अजून सांगत, झाड एकादशी करतं म्हणून. फक्त व्रताच्या तेजाचं बोलणं आता बंद झालं होतं. त्या वाकलेल्या फुलाखाली तळवा धरत आणि म्हणत, "आमच्या हिच्या वळणावर गेलंय."