एका श्वासात दोन ओळी

"उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी भरलंय," बालाघाटच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरून म्हणाल्या. याला प्लुरल इफ्यूजन म्हणतात. म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचतं, फुफ्फुस दबतं आणि श्वास पुरत नाही.

मी वाशिमकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्यासोबत इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटजवळ वारासिवनीच्या राइस मिलमध्ये कामाला आले. संध्याकाळी ताप यायचा, कुशीत टोचायचं. मला वाटलं, भुशाची धूळ असेल. मग फोनवर आईशी एक वाक्य पुरं होईना, तेव्हा नवऱ्याने दवाखान्यात आणलं.

पाणी भरलं ऐकून मी पाणी पिणंच सोडलं आणि चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हसल्या. प्यायलेलं पाणी तिकडे जातच नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर माझ्यासारखं करू नका.

मला दाखल करून टॅपिंग केलं, म्हणजे पाठीत सुई घालून पाणी काढलं. तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. त्याची भीती वाटलीच, पण जास्त भीती डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या बोलण्याची वाटली. "फुफ्फुस फुललं नाही तर नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. श्वासाचा व्यायाम करा." स्पायरोमीटर दिलं. नळीने श्वास ओढला की त्यातल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर उठतात. माझी एकही हलेना. ओढलं की दुखायचं, म्हणून मी ओढायचेच नाही.

शेजारच्या खाटेवर सरोजमावशी होत्या, पायाच्या जखमेसाठी आलेल्या. त्यांनी रचलेलं कृपेचं गाणं चर्चमध्ये दर रविवारी म्हणतात, असं नर्सने सांगितलं. मावशी गुणगुणायच्या:

कृपा आली,
दारात बसली,
मी निजले,
ती जागली.

मी विचारलं, ओळी एवढ्या लहान काहून?

"मोठ्या कुठून आणू? मलेबी तवा तुह्यावानीच पानी झालतं. लोक म्हनते, किती साधं लिवलं. साधं कायचं, दम नव्हता."

या आजारातून उठलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी मलाही म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, मावशी, आम्ही बुद्धाच्या घरचे, चालंल का?

"येशूले चालते. तुह्या नवऱ्याले इचार."

नवरा संत्रं सोलत होता. "हौ, म्हन. माह्याशी भांडाले तं लय दम होता."

हसले, तेही दुखलं. मग एका श्वासात एक ओळ. संपली की थांबायचं, श्वास ओढायचा. मावशी तोवर पुढची ओळ धरून बसायच्या. हळूहळू एक गोळी उठली, मग दुसरी.

काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. बाहेर बाकावर बसून मी गाण्याची पहिलीच ओळ घोकत होते.

"फुललंय. नागपूरची गरज नाही. पण गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत."

खाटेवर येऊन मी पहिल्या दोन ओळी एका दमात म्हणून टाकल्या.

"अवं, मधी थांबाचं असते," मावशी म्हणाल्या. "गाण्याची पार वाट लावली तुनं." आणि माझा हात काही सोडेनात.

गोळ्या अजून चालू आहेत. आईशी पोटभर बोलते. गाणं मात्र आता ओळीओळीला थांबूनच म्हणते. शेजारी कोणाचा दम कमी असला, तर त्याला गाठता यावं.