चौसाळा ते बीड, क्लचशिवाय

निघताना मंदारने किल्ली अक्काच्या तळहातावर ठेवली, पण बोटं काही सोडली नाहीत. "आई, वाटेत गाडीने जरा जरी त्रास दिला, तर आल्यावर विकायची. ठरलं ना?"

"ठरलं," अक्का म्हणाली आणि किल्ली ओढून घेतली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि साठी उलटल्यावर गाडी शिकली. गाडी भाऊजींच्या काळातली, पांढरी, आता जरा पिवळसर. आम्ही सोलापूरहून दिंद्रुडला निघालो होतो. तिथे अक्काची बालमैत्रीण शालन राहते. सात वर्षांत दोघींची भेट नव्हती. कधी मंदारला रजा नाही, कधी सुनेला बरं नाही. या वेळी अक्काने कुणाला विचारलंच नाही. मी सोबतीला. नकाशा बघायचा आणि चकल्या पुरवायच्या, एवढंच माझं काम.

तुळजापूर मागे पडलं, येडशीची झाडी गेली, तोवर सगळं छान होतं. येरमाळ्याला चहा घेऊन परत गाडीत बसलो, तर पहिला गिअर पडेना. अक्काने दोन्ही हातांनी ढकलला तेव्हा कुठे गेला. मागचा गिअर टाकताना तर असा आवाज आला की शेजारच्या बाकावरची माणसं उठून आली.

"गिअरचं तेल संपलंय," चहावाला म्हणाला.

"तेल न्हाई, गिअरबॉक्स गेलाय," एका ट्रकवाल्याने सांगितलं. "उतरवावा लागतोय. दोन दिवस धरा."

अक्काने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. गाडी सुरू करताना मला हळूच म्हणाली, "दोघांनीही उत्तर पाठ केलंय. प्रश्न कुणीच वाचला नाही."

गिअर शक्य तितके कमी बदलत तिने चौसाळा गाठलं. हमरस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज दिसलं. मालक उस्मानचाचा. दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खिडकीशी वाकून म्हणाले, "इंजिन बंद करा. आता टाका गिअर."

सगळे गिअर अलगद पडले.

"आता चालू करून टाका."

पुन्हा तेच, अडलं.

"बघा," चाचा म्हणाले, "बंद गाडीत पडायलाय, चालू गाडीत अडायलाय. मंजी गिअरबॉक्स बेकसूर हाय. क्लच पुरता सुटंना." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवले. "हे इंजिन, ही चाकं. तुमी पायानं दाबलं की ह्यांनी अलग व्हायचं. तुमच्यात अर्धेच अलग व्हायलेत."

"म्हणजे भांडण झालंय, पण घर सोडलेलं नाही," अक्का म्हणाली.

चाचांनी तिच्याकडे चष्म्यावरून नीट बघितलं. मग बॉनेट उघडून आत हात घातला आणि क्लचची वायर दाखवली. जाड दोरीसारख्या वायरीचे बहुतेक धागे तुटून पिंजारले होते. उरलेल्या चार-पाच धाग्यांवर आमचा प्रवास चालला होता. या जुन्या गाडीची वायर त्यांच्याकडे नव्हती, बीडला मिळणार होती. त्यांनी नट आवळून वायर थोडी ताणली. "ह्यावर बीड गाठंल. न्हाईबी गाठणार."

"आणि तुटली तर?"

"बिगर क्लचची चालवायची."

"येते चालवता?"

"मला येती. तुमाला शिकवावी लागंल."

त्यांना सामान आणायला बीडला जायचंच होतं. त्यांनी शटर ओढलं आणि मागच्या सीटवर बसले. तेवढ्यात मंदारचा फोन आला.

"चौसाळ्यात आहोत," अक्का म्हणाली. "गाडी उत्तम. भजी खातोय."

समोर भजी नव्हतीच. चाचा मागून म्हणाले, "तुमी मास्तरीण हायत ना?"

"निवृत्त," अक्का म्हणाली.

मांजरसुंब्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर अक्काने क्लच दाबला आणि पेडल खाली जाऊन तिथेच राहिलं. गाडी गचका देऊन बंद पडली. रस्त्याकडेला एक बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसली होती. ती आमच्याकडे बघत राहिली.

मी फोन हातात घेतला. "मंदारला कळवायचं का?"

"कळव. आणि इथेच उतर," अक्का म्हणाली. आवाज थट्टेचा नव्हता. तिने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. "त्याने एकदा गाडी विकली की मी पुन्हा रजांची वाट बघायची, हो ना?"

मी फोन पर्समध्ये ठेवला.

"आक्का," चाचा पुढे सरकत म्हणाले, "घाबरायचं न्हाई. बंद गाडीत पहिला टाका. आता किल्ली फिरवा."

गाडीने उडी मारली. सीताफळवालीने पाट्या मागे ओढल्या.

"स्पीड सोडा. गिअर मोकळा करा. थांबा, इंजिन काय म्हणतंय ते आईका. आवाज खाली आला? आता बोटानं ढकला, जोर न्हाई."

दुसरा गिअर करकरला. अक्काने ओठ आवळले. तिसरा मात्र असा पडला की कळलंसुद्धा नाही. तिने मान वळवून चाचांकडे बघितलं, आणि त्यांनी ताबडतोब समोर बघायला सांगितलं.

घाट तिसऱ्यातच उतरलो. खाली बीडचा सपाट मुलूख उन्हात पसरला होता. मला तो पुढे फारसा बघता आला नाही, कारण शहर आलं आणि खरी परीक्षा तिथेच होती. गाडी थांबवून चालणार नव्हतं, थांबली की पुन्हा तीच उडी. समोर रिक्षा, हातगाडे, क्लास सुटलेल्या मुलींच्या सायकली. चाचांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हाळी दिली, "सरका बे, ब्रेक न्हाई गाडीला!"

रस्ता मोकळा झाला.

"चाचा, ब्रेक आहे की," अक्का म्हणाली.

"क्लच न्हाई म्हणलं तर कोन सरकंल आक्का?"

नेमका तेव्हाच मंदारचा पुन्हा फोन. मी घेतला, तर चाचांनी पुन्हा तीच हाळी दिली. "मावशी, ब्रेक नाही म्हणून कोण ओरडतंय?"

"शेजारचा रिक्षावाला," मी म्हणाले. दिवसभरातलं माझं हे पहिलं खोटं, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

दुकानासमोर अक्काने गिअर मोकळा करून ब्रेक दाबला. वायर मिळाली. चाचांनी ती स्वतः न बसवता अक्काकडून ओवून घेतली. नटही तिलाच आवळायला लावला आणि पेडल वर किती मोकळं हलायला हवं ते हाताने दाबून दाखवलं. तिच्या इस्त्रीच्या साडीला काळं लागलं. निरोप घेताना चाचा म्हणाले, "परतताना थांबा. गाडीला काय झालं नसलं तरी."

वडवणी, तेलगाव करत दिंद्रुडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शालन दारातच उभी होती. तिने आधी गाडीत डोकावून बघितलं. "डायवर कुठं गेला?"

"हा काय," अक्काने स्वतःकडे बोट केलं.

शालन पुढे आली. तिने अक्काचा काळा हात आपल्या पदराने पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसली. जेवायला येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि भाकरी होती. दोन दिवस त्या दोघी बोलत होत्या, मी जेवत होते.

परतल्यावर मंदारने गाडी आत घेतली आणि कपाळाला आठ्या घालून आला. "आई, क्लच इतका हलका कसा झाला?"

मी एक बरं कारण तयार ठेवलं होतं. पण अक्काने सगळं खरं सांगितलं, भज्यांपासून सीताफळवालीपर्यंत. मंदार सोफ्यावर बसला. मला वाटलं, आता गाडीची जाहिरात.

सोलापूर ते दिंद्रुड हे अंतर त्या सात वर्षांत एका किलोमीटरनेही वाढलेलं नव्हतं. आम्हीच ते कुणाच्या तरी रजेने मोजत होतो. हे मी मोठ्याने म्हणणार होते, तेवढ्यात मंदारने विचारलं, "पण क्लच नसताना गिअर पडतोच कसा?"

अक्का उठली आणि चपला घालू लागली.

"चल, दाखवते. तू डावीकडे बस."