वेणी आणि तलावाचं पाणी

विहिरीत पोहायला मी आमच्या गावी, बोरीला शिकले. तेव्हा केसांचा विचार कधी मनात आला नाही. दहावी झाल्यावर आम्ही परभणीला राहायला आलो. तिथं पोहण्याचा तलाव होता आणि सकाळचा एक तास बायका-मुलींसाठी राखलेला होता. शिकवणाऱ्या बाईंनी थोड्याच दिवसांत मला औरंगाबादच्या स्पर्धेसाठी निवडलं.

तलावावरचा माणूस पाण्यात ब्लीचिंग पावडर बादलीनं ओतायचा, माप काही नव्हतं. महिन्याभरात माझी मांडीपर्यंतची वेणी तांबूस आणि राठ झाली. फणी घातली की केस तुटून हातात यायचे.

मी पोहावं असं घरात फक्त आईला वाटायचं. तिनं करडीचं तेल चोपडून घट्ट वेणी घालून दिली. बाईंनी मला लगेच पाण्याबाहेर काढलं. "तवंग यायलाय पाण्यावर. तेल लावून उतरायचं न्हाई."

मग आई घरच्या पाण्यानं केस चिंब भिजवून पाठवू लागली. म्हणायची, "आधीच पाणी पिलेले केस ते औषधाचं पाणी कमी पितील." परत आल्यावर ताक, शिकेकाई. थोडा फरक पडला, पण तुटणं थांबलं नाही. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधली, तर ती पाण्यानं फुगून मला मागं ओढायची. औरंगाबादहून रबरी टोपी मागवली. नामांतराच्या आंदोलनात एस.टी. बंद होत्या, त्यामुळे ती यायला तीन आठवडे लागले. पहिल्याच दिवशी वेणी कोंबताना ती फाटली.

"कापून टाकू केस," मी म्हणाले.

"लग्न व्हायचंय तुझं," वडील म्हणाले. "कात्री लावायची न्हाई."

स्पर्धा आठ दिवसांवर असताना पाथरीहून पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या आईनं माझी वेणी सोडली आणि केस बोटांत चुरगाळून पाहिले.

"पोरीला काही आजार हाय का?"

"न्हाई हो," आई घाईनं म्हणाली, "तलावातल्या पाण्यानं झालेत."

"पोहायला जाती? एवढी मोठी पोरगी?"

त्यांचा नकार आला. वडिलांनी माझं तलावावर जाणं बंद केलं. आई एकदाच म्हणाली, "स्पर्धा तेवढी होऊ द्या." बाई घरी विचारायला आल्या तेव्हा वडिलांनी दारातच सांगितलं, तब्येत बरी नाही तिची. मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होते. बाहेर जाऊन खोटं आहे म्हणायचं धाडस झालं नाही.

दोन वर्षांत केस पुन्हा काळेभोर आले. मानवतला लग्न झालं. सासूबाई शेजारणींना माझी वेणी कौतुकानं दाखवायच्या. पाण्यात मी परत कधी उतरले नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला म्हणाले, "कापायलाच पाहिजे होते गं तेव्हा."

"घेतली होती कात्री हातात," ती म्हणाली. "तुला हाक मारणार होते. मग ठेवून दिली."